करंज्यांभोवतीचा कागद

दिवाळीच्या आधीच शेजारची मावशी ऊसतोडीला निघाली. टोळीचा ट्रॅक्टर दारात उभा असताना तिनं करंज्यांचा डबा माझ्या हातात दिला. तिचा मुलगा चार वर्षांच्या लष्करी भरतीत लागलेला, प्रशिक्षणाला दूर उत्तरेत. "तेवढ्या त्याला धाड. घरची दिवाळी हुकली बघ त्याची."

वाटेत फुटू नयेत म्हणून मी एकेक करंजी कागदात गुंडाळली. आमच्या घरात कोरा कागद नसतो, संघटनेची पत्रकं असतात. हाताला लागलेला गठ्ठा तर मीच लिहिलेला होता: चार वर्षांची नोकरी ही तरुणांची फसवणूक आहे. पार्सल करायच्या घाईत ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी त्याचा फोन आला. साहेबांनी खोकं सगळ्यांसमोर उघडलं होतं. करंज्या जप्त झाल्या आणि पत्रकांवरून त्याची चौकशी लागली.

"ताई, कशापायी टाकलीस गं ती?"

"चुकून. पण त्यात खोटं काय आहे?"

"खोटं न्हाई, म्हणून तर भेव वाटतं. घरी धाडलं तर मी बी आईसंगं कोयताच धरणार." मग हळूच म्हणाला, "करंज्या कशा झालत्या?"

मी एकही चाखली नव्हती.

पुढचे दोन रविवार त्याचा फोन आला नाही. फडावरून मावशीचा आला.

"खाल्ल्या का गं त्यानं?"

"खाल्ल्या."

"मग पुढल्या साली बी तुझ्याकडंच देते."