पोत्याखालची माती

मनाली, लिही. आन् मी ‘गेलतो’ म्हनलं की ‘गेलतो’च लिही, शाळंतल्यागत ‘गेले होते’ करू नगंस. आमी बायका हितं अशाच बोलतो.

तुझ्या आईचं लिहायचं हाय. पूर्णिमाचं. हसू नगंस. तुला वाटतंय आईचं काय लिहायचं, आई म्हंजे भाकरी आन् ओरडा. मला बी सून म्हंजे तेवढंच वाटायचं, म्हणून तर ही येळ आली.

ती कुरुंदवाडची. नदीकाठची पोर. तिथला गाळ म्हंजे निस्तं लोणी, आन् ही बारकी असल्यापास्नं त्या गाळाची माणसं करायची. लग्नानंतर पयल्यांदा माहेरासनं आली तवा एका पिशवीत चिरमुरं आन् दुसऱ्या पिशवीत चिखल. मी दारातच म्हनलं, “लोकांच्या सुना माहेरासनं साडी आणत्यात, आमच्या सुनंनं नदी आणली.” ती हसली. मला वाटलं हिला काय लागलं न्हाय.

दिवाळीत आपल्याकडं दारात शेणाच्या गवळणी करत्यात. सगळ्यांच्या कशा? शेणाचा गोळा, वर झेंडूचं फूल, झाली गवळण. हिच्या गवळणी बघाय वरच्या गल्लीतनं बाया यायच्या. एक ताक घुसळतीया, एकीचा पदर म्हशीनं तोंडात धरलाय, एक उगंच कमरंवर हात ठेवून भांडाय उभी. शेजारची चिमणाबाई त्या भांडखोरणीकडं बघून म्हणली, “ही मी हाय व्हय गं?”

“न्हाय काकू, तुमी जरा जाड हायसा.”

लई हसलो आमी. दिवाळीचं पाच दिवस मी बी मिरवायचो, माझी सून माझी सून करत. पाडवा झाला की म्हणायचो, “झालं न्हवं आता? हात धू आन् कामाला लाग.”

पण तिचं पाच दिवसांवर भागत न्हवतं. तिला बारा महिनं मातीत बसायचं हुतं. येळ कुठनं आणायची? पाचाला उठायचं, चार म्हशींचं शेणघाण, धारा, किटली घेऊन डेरीला. मग तुझ्या बापाचा डबा. संग्रामला शिरोलीच्या फौंड्रीत आठाच्या आत पोचाय लागतंय. मग तुझी वेणी, वैरण, धुणं, परत धारा, परत डेरी. एकदा तिनं मला इचारलं, “आत्ती, सांजची किटली तुमी न्ह्याल का? अर्धा तास मिळंल मला.”

“कशाला?”

“मातीत बसावं म्हणतो.”

“माझं गुडघं दुखत्यात बाई,” मी म्हनलं. दुखत हुतं, खोटं न्हाय. पण देवळाच्या पायऱ्या चढताना दुखत न्हवतं.

तिनं परत इचारलं न्हाय. गुपचूप वाट काढली. एक दिवसाआड चिमणाबाई दोघींच्या किटल्या डेरीला न्ह्यायची, त्याच्या बदली पूर्णिमा तिच्या म्हशीसाठनं एक भारा वैरण कापून आणायची. म्हंजे बघ, अर्ध्या तासापायी एक भारा जादा. आन् गोठ्याच्या मागं, शेणाच्या ढिगाशेजारी दगडावर बसून काहीतरी करायची. उठताना त्याच्यावर ओलं पोतं टाकायची. मला सांगायची, “डेरीत रांग हुती.”

चिमणाबाईच्या पोटात काय ऱ्हातंय? एक दिवस भर गल्लीत, चार बायांम्होरं मला म्हणली, “तानूबाई, तुझी सून मातीत खेळती, आन् तिची किटली आमी वाहतो. बरं हाय की तुमचं.” सगळ्या हसल्या. माझं तोंड बारकं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वैरणीला गेली. तू तवा सहावीत हुतीस, शाळंत गेलतीस. मी मागं शेणी थापाय बसलो. शेजारी ते पोतं. पोतं वर केलं न्हाय मी. नुसता खालनं हात घातला. गार लागलं. गुळगुळीत. हनुवटी असती तसं काहीतरी हाताला लागलं.

आता पुढचं नीट लिही. मी सगळ्यांना सांगितलंया की मला ते शेणच वाटलं. संग्रामला तसं सांगितलं, चिमणाबाईला सांगितलं, तुला बी सांगितलं. ते खोटं हाय. चाळीस वर्सं शेण थापलंय मी, आंधारात हात घातला तरी शेण कुठलं आन् माती कुठली कळतंय मला. ठावं असून मी त्याच्यावर पाणी वतलं, शेणात कालवलं, पायानं तुडवलं आन् भितीवर थापलं. वीस-बावीस शेणी झाल्या. काय केलतं तिनं, ते बघिटलं बी न्हाय. बघिटलं असतं तर हात धजला नसता, म्हणून बघिटलं न्हाय.

ती भारा घेऊन आली. पोतं बघिटलं, भितीकडं बघिटलं. तिनं तोंड उघडायच्या आधीच मी म्हनलं, “अगं, शेण म्हणून थापलं की. मला काय ठावं पोत्याखाली काय हाय?”

तिनं भारा खाली ठेवला. म्हणली, “असू दे आत्ती. किटली द्या, धारंची येळ झाली.”

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. संग्राम रातच्याला जेवताना म्हणला, “मातीच की ती. अजून आण माहेरासनं.” ती म्हणली, “व्हय.” आणली न्हाय.

माझी सासू बी अशीच हुती. मी वाकळंवर चिंध्यांच्या चिमण्या शिवलत्या, तिनं उसवून काढल्या. म्हणली, वाकळ पांघरायची असती, बघायची न्हाय. आठ दिवस रडलतो मी. म्हंजे मला ठावं हुतं कसं लागतंय ते. तरी केलं.

त्या शेणी वाळल्या. पाणी तापवाय चुलीत घातल्या तर पेटंनात. नुसता धूर. शेणीत माती असली की ती जळत न्हाय, भाजती. पूर्णिमा फुंकून फुंकून डोळं पुसायची. एक दिवस राख मी काढली. राखंत काहीतरी टणक लागलं. धुतलं. कान हुता, माझ्या पायाखालनं कसा सुटला कुणाला ठावं. माणसाचा कान, विटंगत लाल भाजलेला, आन् वरच्या पाळीला बुगडीचं भोक. भोक वडून लांबलेलं.

आपल्या गल्लीत बुगडी आता माझ्याच कानात हाय. माझं बी भोक लांबलंय, बघ. पण तुझ्या आईची आज्जी बी बुगडी घालायची म्हणं. कुणाचा कान तो, मला ठावं न्हाय, आन् इचारायला तोंड न्हाय. तीन वर्सं तो माझ्या कुंकवाच्या करंड्यात हाय. रोज कुंकू लावताना बोटाला लागतोय.

आता सांजची किटली मीच न्हेतो. मीच मागून घेतली. गुडघं दुखत्यात, दुखू देत. त्या अर्ध्या तासात ती काय करती? भांडी घासती. मागं एकदा म्हनलं, “बस की गं मातीत.” म्हणली, “हात बसंना झालाय आत्ती.” औंदा दिवाळीला तिनं गवळणी केल्या, त्या सगळ्यांच्यागत. गोळा आन् झेंडू. चिमणाबाईनं सुदीक इचारलं, “यंदा मला केली न्हाईस व्हय?” नदीच्या उरलेल्या मातीची ती पिशवी गोठ्यात खुंटीला हुती. दगड झालता तिचा. काल मी ती खाली काढली, घमेल्यात पाणी घालून भिजत ठेवली. मऊ व्हाय लागलीया. मागं त्या दगडाशेजारीच ठेवलीया. वर पोतं टाकलंय, ओलं करून.

रडू नगंस. पाठकोऱ्या कागदावर लिहिलं असशील तर चांगल्या वहीत उतरून काढ. हा घे कान. सांजच्याला मी डेरीला गेलो की हे सगळं तुझ्या आईला वाचून दाखव. सगळं, ते खोटं बोललेलं बी. वाचून झालं की कान तिच्या हातात दे. मी म्होरं असताना नगं. मी म्होरं असलो की ती ‘असू दे’ म्हणंल.

किटली दे हिकडं. आज डेरीत रांग लांब असली तर बरं हुईल.