बाळंतिणीच्या खोलीतली कोंबडी

बाळंतिणीच्या खोलीत कोंबडी बसवायची, हे माझ्या नवऱ्यालाच सुचू शकतं.

ती खोली मी लेकीसाठी तयार केली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. खिडकीच्या फटींत जुन्या चादरीच्या पट्ट्या कोंबल्या, खालून शेक देता यावा म्हणून ओळखीच्यांकडून बाज आणवली, माळ्यावरची शेगडी उतरवून घासली. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, डिंक, सगळं निवडून डब्यांत भरलं. मऊ झालेल्या साड्यांची दुपटी शिवली. मग लेकीचा पुण्याहून फोन आला, की ती येणार नाही.

मला आधीच स्वस्थ बसता येत नाही. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आणि नाकावर राग. त्या फोननंतर तर मी घरभर नुसती फिरत राहिले. डबे पुसायचे, परत ठेवायचे, दुपटी उलगडायची, परत घडी घालायची. त्यात हे कारखान्यातून निवृत्त होऊन नुकतेच घरी बसलेले. दोन बिनकामाची माणसं एका क्वार्टरएवढ्या घरात किती वेळा एकमेकांना धडकू शकतात, ते तेव्हा कळलं.

लेकीचं म्हणणं साधं होतं. डॉक्टर तिथली, दवाखाना तिथला, नवऱ्याला रजा मिळणार तीही तिथेच. वर म्हणाली, "आणि ते धुरी-बिरी मला नको हं आई. बाळाला धूर चांगला नसतो."

"तुला दिली होती. काय झालं तुला?"

"वो सब ठीक आहे गं, पण नको."

"मग तुझं करणार कोण?"

ती म्हणाली, "तू ये ना इकडे."

मी कशी जाणार? मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमचे पूर्वज संस्थानाच्या नोकरीसाठी देवासला आले. नोकऱ्या गेल्या, आम्ही कारखान्याच्या वस्तीत आलो, घरात निम्मं हिंदी बोलू लागलो, पण रीतीभाती मात्र जशाच्या तशा राहिल्या. पुण्यातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी गेले होते, ती डबा आणि पाण्याची बाटली बरोबर घेऊन. पंगतीत सगळे जेवले. मी बाल्कनीत बसून माझ्या डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. तेव्हा लेक काही बोलली नाही. त्या दिवशी फोनवर बोलली.

"तू माझ्या घरी पाणी पीत नाहीस, आणि मी तुझ्या घरी बाळंत व्हायला यायचं?"

मी फोन ठेवून दिला. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून जाणार, आणि मला पुण्याला जायला अडवणारं तसं कुणीच नव्हतं, हे मला सहन होत नव्हतं.

अशा वेळी हे बदकाची अंडी घेऊन आले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! यांच्याबरोबर कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ इथून जवळच्या हाटपिपल्याचे; आम्ही त्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो. त्यांच्या शेतात तळं आहे, त्यात बदकं आहेत. तिथून भुशात ठेवलेली अंडी आणि एक तांबडी खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी उबवायला हटून बसलेली, असा सगळा संसार हे रिक्षातून घेऊन आले. ते भियाही मदतीला बरोबर होते.

"बदकाच्या अंड्यांवर कोंबडी?" मी विचारलं.

"अरे भाभीजी, ये तो पत्थर पे भी बैठ जाएगी," भिया म्हणाले. "इसको क्या मालूम किसका अंडा है."

आमच्या घरात अंडं कधी शिजलं नाही. इथे ते उबवायला निघाले. आणि कुठे, तर त्या खोलीत. वारा लागत नाही, ऊब आहे, अंधार आहे, अशी कारणं देत यांनी बाजेखाली टोपलं सरकवलं. मी आकांडतांडव केलं. हे शांतपणे म्हणाले, "अगं, खोली रिकामीच आहे ना?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

पण कोंबडी तिथे बसली ती बसलीच. मी दार लोटून आत डोकावले, की पिसं फुगवून माझ्याकडे अशी बघायची, जणू खोली तिच्या नावावर आहे. दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, आणि घाईघाईनं परत. तिचं ते बसणं मला बघवत नसे. एवढं स्वस्थ कुणी कसं बसू शकतं? मी तिच्या पाण्याची वाटी बदलायला म्हणून जायची आणि तिथेच रेंगाळायची. बदकाच्या अंड्यांना ओल लागते असं भियांनी सांगितलं होतं, म्हणून कोंबडी उठली की कोमट पाण्याचा हात अंड्यांवरून फिरवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. हात शिवशिवत होते.

एकदा यांनी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अंड्याला लावला. आत लाल शिरांचं जाळं दिसलं, आणि मधोमध एक काळा ठिपका हलला. यांनी फोटो काढून लेकीला पाठवला. तिचा लगेच निरोप आला, "बाबा, सोनोग्राफी करताय का?" मला तिनं काही लिहिलं नाही. आम्ही दोघी तेव्हा फक्त 'जेवलीस का' आणि 'गोळ्या घेतल्यास का' एवढंच बोलत होतो.

कोंबडीच्या अंड्यांपेक्षा बदकाच्या अंड्यांना आठवडाभर जास्त लागतो. कोंबडीच्या हिशोबानं पिल्लं निघायला हवी होती, तेव्हा ती अस्वस्थ झाली. उठायची, अंडी चोचीनं उलटीपालटी करायची, दाराकडे दोन पावलं टाकायची. ही आता अंडी टाकून जाते, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला. मी उंबऱ्यात बसून तिला सांगायची, "बस गं बाई, थोडंच राहिलंय." हे दारामागून हसायचे. ती परत बसली. शेवटी एका सकाळी टोपल्यातून बारीक आवाज आला, अंड्यांना तडे गेले, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या पंखांखालून पिवळ्या, चपट्या चोची बाहेर आल्या. मी देवापुढे साखर ठेवली. बदकांसाठी कुणी ठेवत असेल की नाही, देव जाणे.

यांना आता दुसरं काम उरलं नाही. बाजारात जाऊन दाणा विचारला, तर दुकानदार म्हणाला, "बतख का अलग नहीं आता भिया, चूजे वाला ही ले जाओ." तो पाण्यात कालवून, वर बारीक चिरलेला पालक घालून हे पिल्लांपुढे ठेवत. पिल्लं निम्मं खायची आणि निम्मं पायांनी जमिनीला सारवायची. बाजेखालची फरशी मी किती वेळा पुसली असेल! कुरकुरत पुसली, पण पुसली.

संक्रांतीचे दिवस होते. देवीच्या टेकरीवरून येणारा वारा हाडांत शिरत होता. मी दुपारी महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला गेले. वाण लुटता लुटता प्रत्येकीनं मला तेच विचारलं, "लेक कधी येतेय?" एकीला म्हटलं बघू, दुसरीला म्हटलं पुढच्या महिन्यात. तिळगूळ तसाच हातात धरून लवकर निघाले.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. ओवा, वावडिंग, लसणीची सालं. निखाऱ्यावरची धुरी.

मी धावले. या वयात, नऊवारी नसली तरी काठापदराच्या साडीत, हातातली वाणाची वाटी सांडत धावले. माझ्या डोक्यात एकच होतं: आली. न सांगता आली, यांनी स्टेशनवरून आणली, मला चकित करायला. नाहीतर या घरात धुरी कुणासाठी पेटेल? चपला पायातच होत्या, तशीच मी खोलीत शिरले.

बाज रिकामी होती. खाली शेगडी धुमसत होती आणि तिला टेकवून ठेवलेल्या उपड्या टोपलीतून धूर निघत होता. हे गुडघे टेकून टोपलीवर धोतर पसरत होते. कोंबडी कोपऱ्यात पंख आपटत ओरडत होती.

"अहो, काय करताय?"

"पिल्लं भिजली गं. परातीत पाणी ठेवलं होतं. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, म्हटलं बदकाचंही तसंच. पोहली छान, पण मग थरथरायला लागली. म्हणून..."

मी टोपली उचलून फेकली. पिल्लं माना लांब करून, चोची उघड्या टाकून श्वास घेत होती. एक मान टाकून पडलं होतं. मी खिडकी उघडली, फटीतल्या पट्ट्या ओढून काढल्या, पिल्लं पदरात गोळा करून अंगणात आणली. ऊन होतं, बरं. कोंबडी मागोमाग धावत आली. एकेक पिल्लू पुसून तिच्यापुढे ठेवलं, तशी ती खाली बसली आणि पंख पसरून तिनं त्यांना आत घेतलं. मान टाकलेलं मी बराच वेळ तळहातावर घेऊन चोळत होते. ते गेलं.

मग मी यांना काय नाही ते बोलले. धूर लहान जिवाच्या छातीत जातो एवढंही कळत नाही का, असंही बोलले, आणि बोलताना मधेच थांबले. हेच मी फोनवर कुणाच्या तोंडून ऐकलं होतं, ते आठवलं.

हे पायरीवर बसून होते. म्हणाले, "आपल्या लेकीच्या वेळी तुझी आई अशीच धुरी द्यायची. मी दाराबाहेरून बघायचो, आत येऊ देत नव्हत्या. आता पोर येत नाही. तुलाच काय, मलाही करावंसं वाटतं गं कुणाचं तरी."

मी ते मेलेलं पिल्लू लिंबाखाली नेऊन पुरलं. त्यांच्याशी परत भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

थंडी ओसरली, तशी पिल्लं दांडगी झाली. अंगणातल्या नळाखाली भांडी घासायचा चौक आहे, त्यात पाणी साठायचं. एका दुपारी सगळी एकामागून एक त्यात उतरली. कोंबडी काठावर वेडी झाली. इकडून तिकडे पळतेय, ओरडतेय, दाणा नसताना टिपल्याचं सोंग करून त्यांना बोलावतेय. कुणी वळून बघेना. मी तांदूळ निवडत बसले होते. म्हटलं, ओरड बाई, ओरड. मीही ओरडले.

मग ती थांबली. तिनं एक पाय पाण्यात टाकला, झटकला, परत टाकला. मग दुसरा. पिसं वर उचलून, चेहरा वाकडा करून, ती त्या पाण्यात तंगड्यांपर्यंत उभी राहिली. पोहता येत नव्हतं, करण्यासारखंही काही नव्हतं. नुसती उभी राहिली. पिल्लं तिच्या पायांभोवती फिरत होती.

मी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि लेकीला फोन लावला.

"मी येतेय," मी म्हटलं. "धुरीचं सामान आणत नाही. डिंकाचे लाडू आणले तर चालतील?"

ती म्हणाली, "चालतील." आणि थोड्या वेळानं, "कुरिअरवाल्याला नको देऊस. तूच आण."

हे आले नाहीत. पिल्लांना अजून पुरती पिसं आली नव्हती, म्हणे. निघताना ते दारात उभे होते आणि बदकं त्यांच्या पायात.

पुण्याला पोचले तेव्हा लेकीनं दार उघडलं. पोट एवढं पुढे आलेलं, पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं. आम्ही दोघी हसलो, थोड्या अवघडून. मी सोफ्यावर बसले. जावई माझी पिशवी आत ठेवायला गेले. ती समोर बसली. पाणी आणायला उठली नाही. उठणार तरी कशाला, तिला माहीत होतं. माझी बाटली मी आणलेय का, हे ती बघत होती.

मी उठून तिच्या स्वयंपाकघरात गेले. मांडणीवरचा पेला घेतला, नळाच्या फिल्टरखाली धरला. उभ्यानंच, एका दमात प्यायले. वळून पाहिलं तर लेक दारात उभी होती, एक हात पोटावर, डोळे भरलेले.

"अजून एक दे," मी म्हटलं आणि पेला तिच्यापुढे धरला.