आठ दिवस मी गप्प होते

काल दुपारी नातीचा फोन आला. "आजी, शेवटची बाई पण झाली. आता कुणाला काय सांगायचं ते सांग." फोन ठेवला आणि लिहायला म्हणून चष्मा शोधायला लागले... डोक्यावरच होता. तर आता ऐका.

माझी नात ऋतुजा माणसं कशी वागतात याचा अभ्यास करते. पीएचडी. आमच्या विश्रांतवाडीच्या बिल्डिंगमध्ये निम्म्यांना वाटतं ती वेड्यांची डॉक्टर आहे, आणि उरलेले तिला गुडघे दाखवतात.

मी चौथीपर्यंत शिकलेली, पण मला तिचं काम बरोबर कळतं. लहानपणी ही लग्नात जेवायची नाही, पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं ते बघत राहायची... पानातलं वरण गार. ते बघणंच आता तिचं काम झालंय.

मागच्या आठवड्यात मला कॉलेजात घेऊन गेली. म्हणाली, स्मरणशक्तीचे चार प्रश्न आहेत, एका नव्या मुलीची तालीम घ्यायचीय, तू चल. एका खोलीत मला एकटीला बसवलं. तेवढ्यात एक मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि दारातच सगळे कागद सांडले. मी उठले, गोळा करून दिले, वर सांगितलंही, "अगं, दोरी बांध की त्याला!"

मग ऋतू हसत आत आली. प्रश्नबिश्न काही नव्हतेच... कागद मुद्दाम सांडले होते! माणूस एकटा असला तर मदतीला उठतो का, आणि शेजारी दोघं ढिम्म बसलेले असले तर काय करतो, हे तिला बघायचं होतं. ते दोघं म्हणजे तिच्याच मैत्रिणी, मोबाईलमध्ये बघत बसायचं असं आधीच ठरलेलं. "आजी, बाहेर बोलायचं नाही. कळलं की सगळेच उठतील आणि माझं काम फुकट."

त्यातच तिला माणसं कमी पडली. साठीच्या पुढच्या बारा जणांनी नावं देऊन ऐन वेळी पाठ फिरवली. खोली आणखी आठच दिवस मिळणार, नाही जमलं तर सगळं सहा महिने पुढे. पोरीचं तोंड एवढंसं झालं... मी म्हटलं, माझं भजनी मंडळ आहे की! बारा जणी आणते.

तिने मला वरून खाली निरखून बघितलं. मग म्हणाली, "आजी, तुझ्या पोटात काही राहत नाही." खरं आहे. हिच्या वेळी सूनबाईला दिवस गेलेत हे माझ्या मुलाच्या आधी शेजारणीला कळलं होतं... कुणामुळे ते विचारू नका. पण मी म्हटलं, बघशीलच.

रोज दोघी-तिघी जायच्या, शेवटचा दिवस सोडला तर मी सोबतीला. काम झालं की ऋतू प्रत्येकीला खरं काय ते समजावून सांगायची आणि कुणाला बोलू नका म्हणायची. त्यामुळे भजनात गंमतच झाली... जी जाऊन येई ती मुकी. बुधवारी पाच जणी मुक्या, आणि सात जणी त्यांना खोदतायत. टाळ थांबले की नुसता चहा फुरकल्याचा आवाज.

सगळ्यात छळलं सुमनने. चाळीस वर्षांची मैत्रीण, जिभेला धार. जाताना बसमध्ये म्हणते, "काय गं विमल, इंजेक्शन देतात का? नाही? मग टक्कल करतात?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. "नात शिकली आणि आजीला शिंगं फुटली," म्हणाली.

खोटं कशाला सांगू, त्याआधी एकदा घरी कुणी नसताना मिक्सर लावून त्या आवाजात एकटीनेच सगळं बोलून घेतलं होतं. तेव्हा कुठे पोट हलकं झालं.

सुमन बाहेर आली ती वेगळंच तोंड करून. बसमध्ये अर्धा रस्ता तिकिटाची घडी घालत बसली. मग हळूच म्हणाली, "विमल, मी उठले नाही गं. त्या दोघींकडे बघितलं, त्या बसलेल्या... मीही बसले. एक कागद तर माझ्या पायाशी आला होता." डोळ्यांत पाणी. आणि ही बाई साऱ्या गल्लीच्या बाळंतपणांना धावलेली!

"तू उठली असशील," म्हणाली.

खरी परीक्षा ती. अगदी जिभेवर आलं होतं, उठले तर, लगेच उठले! पण मग ती खोली आठवली... मी एकटीच तर होते. "उठले गं, पण माझ्या शेजारी कुणी नव्हतं. त्या दोघी असत्या तर मीही आधी त्यांच्याकडेच बघितलं असतं." ऋतूही तेच सांगते. मन दगडाचं असतं म्हणून नाही, माणूस आधी माणसाकडे बघतो.

सुमनने पदराने डोळे पुसले. "मग सांग त्या पोरींना, मोबाईल जरा खाली ठेवा म्हणावं." म्हटलं, आली बाई ताळ्यावर.

(हे तिला विचारूनच लिहितेय. म्हणाली, लिही, पण माझ्या गुडघ्यांचंही लिही. तर तिचे गुडघे दुखतात.)

आज सकाळी बागेत आमचं सगळं मंडळ बसलं होतं. समोरून चाललेल्या एका आजोबांची पिशवी फाटली आणि टोमॅटो घरंगळले. कुणी कुणाकडे बघितलंच नाही... तेराच्या तेरा जणी एकदम उठल्या! दोघींची डोकी आपटली, आजोबा घाबरून दोन पावलं मागे. आणि सगळ्यात पुढे सुमन, गुडघ्यांसकट.

लगेच ऋतूला फोन लावला, हे पण लिहून घे म्हटलं. ती हसायला लागली. "आजी, हे नाही गं धरता येणार. तुम्हाला सगळं आधीच माहीत झालंय ना."

बरोबर आहे पोरीचं. तिच्या वहीत नसेल धरता येत... टोमॅटो तर सगळे उचलले.