तिसऱ्या पेटीतलं सामान

तिसऱ्या पेटीत काय आहे हे फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

मी रोह्याची. पनवेलच्या एका क्लिअरिंग फर्ममध्ये अठरा वर्षं काम करतेय. जहाजाने आलेला माल कस्टम्समधून सोडवायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा, हे आमचं काम. बहुतेक माल कंपन्यांचा असतो. पण अधूनमधून गल्फमधून कायमचा परत आलेला माणूस येतो. तो विमानाने आलेला असतो आणि त्याचा तिथला संसार पेट्यांमध्ये भरून मागून समुद्राने येतो.

हिराजी म्हात्र्यांच्या अशा तीन लाकडी पेट्या बहारीनहून आल्या होत्या. बावीस वर्षं ते तिथे एका बोटीवर मेकॅनिक होते. बोट मोडीत निघाली तेव्हा मालकाने तिच्यावरचं बरंचसं सामान त्यांनाच देऊन टाकलं. गावी येऊन होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची, असा त्यांचा बेत होता. पेट्या जहाजाच्या एजंटकडे दिल्या आणि विमानाला चार दिवस असताना त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. महिनाभर तिथल्या हॉस्पिटलात काढून ते व्हीलचेअरवर घरी आले.

कागदावर तिन्ही पेट्यांपुढे एकच ओळ होती. वापरलेलं वैयक्तिक सामान. कस्टम्सला एवढ्यावर भागत नाही. कुठल्या पेटीत काय, किती, याची यादी लागते. ती खरी आहे असं मालकाने लिहून द्यावं लागतं, त्याला डिक्लरेशन म्हणतात. आधी सांगायचं, मग पेटी उघडायची, असा क्रम असतो.

"कपडे, भांडी, जुनी हत्यारं असं लिहून टाक," आमचे सावंतसाहेब म्हणाले. "आणि त्यांचा अंगठा घेऊन ये."

"विचारून लिहिते, साहेब."

"विचारणार कोणाला?"

तरी दुसऱ्या दिवशी रोह्याहून रोजच्या गाडीने निघाले ती पनवेलला न जाता मध्येच कासूला उतरले. तिथून रिक्षाने खाडीकाठच्या खारेपाटातल्या म्हात्र्यांच्या गावी.

हिराजीकाका ओटीवर खाटेला टेकून बसले होते. त्यांची बायको, जनाकाकू, तांदूळ पाखडत होती.

"ये गो, बस. पानी घे," ती म्हणाली. "पेट्यांचं काय झालं? सुटतील ना? तेंचा सगला जीव त्या हत्यारांत हाय."

मी वही काढली. मोबाइलवर बोटीच्या सामानाचे फोटो शोधून ठेवले होते. एकेक दाखवायचा आणि विचारायचं. नांगर? काकांनी मान डोलावली. दोरखंड? हो. किती? डाव्या हाताची तीन बोटं. बाहेरून लावायचं छोटं इंजिन? एक. लाइफ जॅकेटं? पाच. वायरलेस सेट? हो. पान्यांच्या संचाचा फोटो आला तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.

दोन तास गेले. तिन्ही पेट्यांची यादी झाली. मी वही मिटली, शाईचा पॅड काढला.

काकांनी डाव्या हाताने खाट बडवली.

"ला... ला..." त्यांच्या तोंडून तेवढंच निघत होतं. मग त्यांनी हात सरळ वर उचलला, बोटं एकदम फाकवली आणि वर बघत राहिले.

"असं रोज करतात," काकू म्हणाली. "घरी आनलं तवापासून. आमाला वाटलं, देवाला हात जोडतात. एकच हात चालतो ना, म्हनून असं."

काकांनी जोरजोरात मान हलवली. नाही. पुन्हा हात वर, पुन्हा बोटं फाकली. "ला... ला..."

"काय गो हे? लायट म्हनतात का?"

"लाल?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि मान खाली केली. हो.

वर जाणारं, फुटणारं, लाल. तेव्हा मला कळलं. बोट संकटात सापडली की खलाशी हातातून एक रॉकेट सोडतात. लाल आग उंच जाते आणि छोट्या पॅराशूटला लटकून हळूहळू खाली येते, म्हणजे लांबच्या जहाजाला दिसावी. त्यात फटाक्यासारखी स्फोटक दारू असते. ती साध्या सामानात घालून पाठवता येत नाही, आणि परवान्याशिवाय आणता तर मुळीच येत नाही. मी फोटो शोधून समोर धरला. काकांनी त्यावर बोट टेकवलं. मग तीन बोटं दाखवली. तिसरी पेटी.

बोटीवरचा सेफ्टीचा डबा न उघडता तसाच पेटीत गेला होता. हे त्यांच्या ध्यानात आलं ते झटका आल्यानंतर. तेव्हापासून हा माणूस हात वर करून ते सांगत होता. काकूला मी समजावून सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि नवऱ्याच्या पायाजवळ जाऊन बसली.

ऑफिसात सावंतसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"हे लिहून दिलंस तर चौकशी लागेल. म्हाताऱ्याची हत्यारं पण अडकतील. नाही लिहिलं तर कदाचित वरवर बघून सोडतील. आपल्याला काय माहीत होतं?"

"आता माहीत आहे, साहेब. आणि गोदामात पेटी पहारीने उघडतात."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही," म्हणाले. "पण सही तुझी."

त्या सहीवर कस्टम्समध्ये काम करायचं माझं कार्ड जाऊ शकत होतं, म्हणजे नोकरीच. खोटं सांगत नाही, भीती वाटली. पहिल्यांदा तारीखसुद्धा चुकीची घातली.

कस्टम्सच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांनी यादीबरोबर दिलेलं माझं पत्र दोनदा वाचलं.

"तुम्हीच लिहिलंय की पॅसेंजरला वाचा नाही. मग हे सांगितलं कोणी?"

"पॅसेंजरनेच."

"कसं?"

"बोलता येत नाही, साहेब. सांगता येतं."

मी हात वर करून बोटं फाकवून दाखवली. ते हसले नाहीत. मला तिथेच थांबायला सांगून त्यांनी फोन उचलला.

दोन दिवसांनी गोदामाचा तो कोपरा रिकामा करून, असल्या वस्तू हाताळणारी माणसं बोलावून तिसरी पेटी उघडली. लाइफ जॅकेटांखाली नारिंगी डबा निघाला. आत चार रॉकेटं, मुदत केव्हाच संपलेली. ती नष्ट करायला गेली. लायसन्स नाही म्हणून वायरलेस सेटही ठेवून घेतला. माझा जबाब झाला, काकूचा झाला. अडीच आठवडे सगळं अडकून राहिलं आणि सावंतसाहेब माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. शेवटी शेरा आला. मालकाने स्वतःहून कळवलं आहे, ताकीद देऊन बाकीचं सामान सोडावं.

टेम्पोबरोबर मी स्वतः गेले. शेजारच्यांनी पेट्या ओटीवर चढवल्या. पान्यांची पेटी आधी उघडू, असं सगळ्यांना वाटत होतं. काकांनी तिसरीकडे बोट केलं. जॅकेटं बाहेर काढायला लावली आणि वाकून तळ बघितला. डाव्या हाताने चाचपला. मग मागे टेकले आणि भर दुपारी, एवढ्या माणसांच्या गोंगाटात, त्यांना झोप लागली.

"दोन महिन्यांत अशी झोप नाय बगितली," काकू म्हणाली.

आता खाडीवरचे लोक इंजिनं त्यांच्या अंगणात आणतात. हात दुसऱ्याचे असतात, कुठला पाना लावायचा ते काका दाखवतात.

आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. यादी झाली की लगेच अंगठा घेऊ नका. समोरचा माणूस खाट बडवत असेल तर थोडं थांबा. गाडी चुकली तरी पुढची तासाभराने असते.