सेकंदरावांचा डावा हात

कपड्यांच्या कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्यांना सेकंदराव म्हणत; अर्थात पाठ वळल्यावर. सव्वीस वर्षं हा माणूस गळ्यात स्टॉपवॉच अडकवून शिवणयंत्रांच्या रांगांमधून फिरत आला होता. कॉलर उचलायला किती सेकंद, सुईखाली सरकवायला किती, दोरा तोडायला किती, हे मोजायचं आणि त्यातलं फुकटचं हलणं काढून टाकायचं, एवढंच त्यांचं काम. "रिकामा हात हलतोय," असं ते म्हणाले की समोरची बाई ओठ आवळून हात जागेवर ठेवी आणि ते पुढे गेले की शेजारणीला डोळा मारी. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला माणसं दिसायची ती मनगटापासून खाली.

तर गेल्या थंडीत एका सकाळी सेकंदरावांना शर्टाची बटणं लावायला एकोणतीस सेकंद लागले.

सहा बटणं, अठरा सेकंद, हा त्यांचा नव्या मुलींना दाखवायचा ठरलेला नमुना होता. दुसऱ्या दिवशी तीस लागले. महिन्याभराने चौतीस. डाव्या हाताची बोटं बटण धरायला जात, पण जरा उशिराने, रुसल्यासारखी. दुसरा कोणी असता तर निमूट डॉक्टरकडे गेला असता. सेकंदरावांनी मात्र मंद कामगारासाठी जे केलं असतं तेच स्वतःसाठी केलं, कामच बदलून टाकलं. शर्ट कपाटात गेले, चेनची जाकिटं आली. नाडीचे बूट जाऊन नुसते पाय सरकवायचे बूट आले. टूथपेस्ट, किल्ल्या, चष्मा, सगळं उजवीकडे सरकलं.

"अहो, केवढे आटोपशीर झालात तुम्ही!" बायको कौतुकाने म्हणाली. सेकंदराव हसले. भीती मात्र दर आठवड्याला एक-दोन सेकंदांनी वाढत होती.

त्यांच्या धाकट्या लेकीची शाळा नुकतीच संपली होती. तिला माणसाच्या हालचालींचा अभ्यास करायचा होता. माणूस चालतो कसा, तोल जातो कसा, पडता पडता सावरतो कसा, याचं तिला लहानपणापासून वेड. पण तो अभ्यास पदवीनंतरचा. त्याच्या तयारीसाठी पदवीला कोणता विषय घ्यायचा, यावरून घरात महिनाभर खल चालला होता. भौतिकशास्त्र, क्रीडाविज्ञान की शरीरक्रियाशास्त्र? तिन्ही माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर पडून असत.

"भौतिकशास्त्र घे," सेकंदरावांचं मत ठाम होतं. "हालचाल म्हणजे अंतर आणि वेळ. बाकी सगळा पाल्हाळ."

"मला विचाराल तर पोरीला आधी जेवू द्या," आई म्हणे.

खरी गोष्ट वेगळी होती. शरीरक्रियाशास्त्राच्या पत्रकात दुसऱ्या पानावर मेंदूच्या आणि नसांच्या आजारांची यादी होती. सेकंदरावांनी ती एकदाच वाचली आणि ते पत्रक सगळ्यांत खाली सारून ठेवलं. लेक तो विषय शिकली तर एक ना एक दिवस त्यांच्याकडे त्या नजरेने बघेल, ही त्यांची धास्ती होती.

कॉलेजची एक अट होती. एका माणसाची एक रोजची हालचाल दहा दिवसांत टिपायची आणि त्यावरून आपल्याला कोणता विषय हवा ते लिहायचं.

"बाबा, कपाटातला शर्ट काढून रोज सकाळी बटणं लावाल? मी वेळ घेते. तुमच्याइतका सरावलेला माणूस मला कुठे मिळणार?"

नाही म्हणावं तर संशय. मग सेकंदराव रोज लेकीच्या आधी उठून, न्हाणीघराची कडी लावून, जुन्या शर्टावर सराव करू लागले. डाव्या अंगठ्याने कापड नुसतं दाबून धरायचं, सगळं काम उजव्याने करायचं. पहिल्या दिवशी तेवीस सेकंद, चौथ्या दिवशी बावीस. लेकीने आकडे लिहून घेतले. कारखान्यातल्या बायका आपल्याला सव्वीस वर्षं अशाच गंडवत आल्या असतील, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा सुचलं. पण जिंकल्याच्या आनंदात त्यांनी तो विचार झटकून टाकला.

अकराव्या दिवशी रविवार होता. सोमवारी अर्ज द्यायचा होता. दुपारी लेकीने मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला.

"बटणांचं मी पाचव्या दिवशीच सोडलं, बाबा; पुढचे आकडे नुसते दाखवायला लिहिले. सराव केल्यासारखं वाटत होतं. मग हे घेतलं."

त्यात घराच्या गॅलरीतून टिपलेल्या सहा सकाळी होत्या. सेकंदराव फाटकातून निघून बसथांब्याकडे चाललेले. उजवा हात पुढेमागे होत होता. डावा कमरेशी टांगल्यासारखा, सहाही दिवस, जराही न हलता.

"मग? चालताना हाताचं काय काम?" ते म्हणाले. "रिकामा हात—" आणि तिथेच थांबले.

महिनोन्‌महिने ते बोटांचे सेकंद मोजत बसले होते. आणि हा अख्खा हात सगळ्या जगासमोर थांबला होता. हलणं बंद झालेला रिकामा हात त्यांच्या नजरेला खटकणार तरी कसा?

ते उठले आणि बैठकीच्या खोलीत चालू लागले. मनाशी ठरवून हलवला तेव्हा डावा हात हलला. "हे बघ, हलतो की!" चार पावलं गेली. बोलण्याच्या नादात लक्ष सुटलं आणि हात पुन्हा गप्प झाला. लेकीचे डोळे भरून आले.

"कधीपासून, बाबा?"

"थंडीपासून."

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी तुमच्याबरोबर येणार." तिने अर्ज पुढे केला. विषयाच्या रकान्यात शरीरक्रियाशास्त्र लिहिलेलं होतं. "तुम्ही नको म्हणालात तर खोडते."

सेकंदरावांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "शिकायला किती वर्षं?"

"पदवीची चार. मग पुढचं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखाद्या कामाच्या वेळेचा हिशेब मांडवेना. त्यांनी पेन घेतलं आणि पालकाच्या चौकटीत सही केली. त्यांची सही मोठी, चौकटीबाहेर जाणारी, सगळ्या कारखान्याला ठाऊक असलेली. पहिलं अक्षर तसंच उमटलं. दुसरं त्याहून लहान, तिसरं आणखी लहान, आणि आडनाव तर मुंगीएवढं होऊन कोपऱ्यातच संपलं. त्यांनी न ठरवता, उजव्या हाताने, नेहमीसारखीच केलेली सही होती ती.

लेकीने बघितलं आणि ती घाईघाईने कागद ओढून घडी घालायला लागली.

"थांब," सेकंदराव म्हणाले. "लपवू नकोस. आता उजव्या हातालाही सुरू झालंय. लिहून घे."