दुसऱ्या भागातलं आत्येचं मरण

माझ्या कादंबरीच्या पहिल्या भागात मी तिला टोळीची म्होरकी केलं होतं. सुपारी घेऊन राक्षस मारत गावोगाव हिंडणारी टोळी. चार दांडगे गडी आणि त्यांच्या डोक्यावर ही म्हातारी, कमरेला कोयती, तोंडाला लगाम नाही. लालबागच्या आमच्या मजल्यावर पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाने ओळखलं, ही आत्ये. माझ्या बापाची बहीण, लग्न न केलेली, जन्मभर आमच्याच घरात राहिलेली. तिनेही ओळखलं. "माझां नाक घेतलंस तां बरां केलंस," म्हणाली, "जीभ तरी तुझ्या आवशीची घेवची व्हती."

दुसरा भाग लिहायला घेतला आणि आत्येच्या पोटात गाठ निघाली. परळच्या हॉस्पिटलात खेपा सुरू झाल्या. एकदा केमो घेऊन आल्यावर तिने मला खाटेपाशी बोलावलं.

"दुसऱ्या भागात माका मार."

जिवंत माणूस मेल्याची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गावी तिचा एक चुलता मेला म्हणून माणसं छाती बडवत घरी पोचली, तर तो पडवीत पेज जेवत बसलेला. पुढे त्या सगळ्या रडणाऱ्यांना त्यानेच स्मशानात पोचवलं. आत्येला तसं आयुष्य हवं होतं. "तोंडान सांगलां तर लोक इचारतले, कोणी सांगल्यान? छापलेला कोण इचारीत नाय," ती म्हणाली.

मी पुस्तकात तिला बाणाने मारलं. एका पानात, मानाने. ऐकून तिने उशी फेकून मारली. "ह्यां मरण? ह्यां तर बक्षीस झालां! हाल कर मेल्या, हाल! बातमी ऐकान माणूस रडाक होयो."

मग मी हाल केले. तिच्या तोंडात फोड आले, तर राक्षसाने म्होरकीच्या तोंडात निखारे कोंबले. तिचे केस गेले, तर त्याने मुठीमुठीने उपटले आणि वर दात काढून हसला. ती सांगायची, मी लिहायचो, आणि खोटं कशाला बोलू, इतकी झकास पानं मी त्याआधी लिहिली नव्हती. शहाळी घेऊन भेटायला येणाऱ्यांना ती बसवून घ्यायची आणि मला प्रिंट काढलेली ती पानं वाचायला लावायची. दादरची एक लांबची नातेवाईक मधेच उठली ती चपला न घालताच पळाली. आत्ये दिवसभर खूश.

आई मात्र भडकायची. "आजारी माणसाला रोज मारतोस, लाज नाही वाटत?"

"तू गप गो वैनी," आत्ये म्हणायची. "तो माका जगवता."

आणि रिपोर्ट चक्क चांगला आला! आत्येने तळलेले बांगडे मागून खाल्ले आणि सगळं श्रेय मला दिलं. डॉक्टर बिचारा नुसता निमित्ताला.

पावसाळा संपता संपता ते दुखणं हाडांत गेलं. आता घरीच ठेवा, डॉक्टर म्हणाले. कूस बदलायला आईने हात लावला की आत्ये अशी किंचाळायची की शेजारी टीव्हीचा आवाज मोठा करायचे. गोळीने गुंगी यायची, दुखणं जायचं नाही. चिमणीएवढी झाली, तरी जीव जात नव्हता.

एका दुपारी ती म्हणाली, "तां मरण काढ. पुस्तकात माका जगव."

मी येड्यासारखा खूश झालो. म्हटलं, "जगवतो की! टोळी तुझ्याशिवाय चालणार कशी?"

"तुका कळूक नाय," ती म्हणाली. "तू मारलंस म्हणान मी हंय अडकलंय. वाढवलंस तां आयुष्य काढून घे. माका आता सुटूक होयां."

माझं डोकंच सटकलं. हे असलं काही नसतं, मी ओरडलो, मरण-बिरण कागदावर नसतं! माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी 'म्होरकी वाचली' एवढं वाक्य माझ्याच्याने लिहवेना. रोज ती विचारायची, रोज मी उद्या म्हणायचो. शेवटी तिने विचारणं सोडलं आणि शिव्या सुरू केल्या. "तो राक्षस बरो रे," एकदा म्हणाली. "एकदाचो मारता तरी."

त्या दिवशी आई तिची चादर बदलत होती. आत्ये किंचाळली नाही, नुसतं तोंड उघडलं, आवाजच आला नाही. मी बाहेरच्या खोलीत जाऊन लिहिलं. म्होरकीने राक्षसाच्या नरड्यात कोयती घातली, नदीवर अंग धुतलं, टोळीबरोबर जेवायला बसली. आत जाऊन वाचून दाखवलं. मला नीट वाचता येत नव्हतं, नाक गळत होतं. तिने डोळे मिटून ऐकलं.

"जुनी पानां खंय?"

मी आणली. तिच्यासमोर एकेका पानावर पेनाने फुली मारत गेलो. तिने माझं मनगट धरलं. धरण्यात जोर नव्हता.

"फुली नको. नीट खोड," आत्ये म्हणाली. "एक अक्षर शिल्लक ठेवू नको, बाबा."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून खोडायला लागलो.