चिठ्ठी नसलेली बाटली

बासष्ट साली कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई आनंदा सहा आठवड्यांच्या शिक्षणाला पनवेलहून मुंबईला निघाला, तेव्हा ऑफिसातले बाबू हसले. बाटल्या पुसायला कसलं आलंय शिक्षण? पण पास झाला तर तो सहायक होणार होता, आणि बाबूंना खुपत होतं ते हेच.

शेवटच्या दिवशी परीक्षेला तिथल्या शिकवणाऱ्या सरांनी चिठ्ठी नसलेली बाटली पुढे ठेवली; आत काय आहे ते ओळखायचं होतं. आनंदाचं बालपण मिठागरात गेलेलं. मीठ चाखूनच पारखायचं, हे बापाने शिकवलेलं. पांढरा खडा दिसताच त्याने उचलून जिभेला लावला.

"साहेब, हे आपलं मीठ नाय. कडू हाय."

"थुंक आधी! विष असतं म्हणजे?" सरांनी कागदावर शेरा मारला. "नापास!"

आनंदा चूळ भरून आला. "करा नापास. पण आमच्या कॉलेजात आता चिठ्ठीबिगर एक बाटली ऱ्हायाची नाय."

सरांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी 'नापास' खोडलं.

घरी सगळी हकिकत ऐकून त्याच्या बायकोने, वेणूने, डोळे पुसले आणि आमटी वाढली. आनंदा वाटीकडे नुसता बघत बसला.

"चाखा की," ती म्हणाली, "का हिला पन चिठ्ठी लावू?"